आई १८० किलोमीटर चालली ती कशासाठी? मोर्चाला माणूस नेमका का जातो?

डोंगरची लेक

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितेय, पण पूर्ण वाचा.

मी सुरगाणा तालुक्यातली, सध्या पुण्यात नोकरीला आहे. गेल्या आठवड्यात ऑफिसात डबा खाताना मोर्चांचा विषय निघाला. कुठल्याशा मोर्चामुळे एकाची गाडी दोन तास अडकली होती. तो चिडला होता, ते मी समजू शकते. पण दुसरा म्हणाला, "तीनशे रुपये आणि पोटभर जेवण द्या, म्हणाल तेवढी माणसं येतात." बाकीच्यांनी माना हलवल्या. मी डब्याचं झाकण लावलं आणि उठले. तेव्हाच बोलायला हवं होतं. बोलले नाही, आणि ते आठ दिवस मनातून जात नाहीये.

माझी आई २०१८ च्या मार्चमध्ये किसान सभेच्या मोर्चात नाशिकहून मुंबईला चालत गेली होती. ६ मार्चला निघाले, १२ ला पहाटे आझाद मैदानात पोचले. १८० किलोमीटर. कसाऱ्याचा घाट, शहापूर, ठाणे, सगळं पायी, उन्हात, तापलेल्या डांबरावरून. तिला कोणी तीनशे रुपये दिले नाहीत. तिनेच घरातून तांदूळ, थोडी डाळ आणि शंभर रुपये दिले. शिवाय ते द्राक्षांच्या हंगामाचे दिवस. आमच्याकडची माणसं तेव्हा दिंडोरी-निफाडकडे बागांवर कामाला जातात, घरातला बराचसा रोख पैसा त्याच दिवसांत येतो. आठवड्याभराची मजुरी बुडवून ती गेली.

कशासाठी, तर प्लॉटसाठी. आमच्याकडे जंगलातल्या कसत्या जमिनीला प्लॉटच म्हणतात. आजोबांपासून आम्ही तिथे नागली आणि वरई करतो. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे ती जमीन नावावर व्हायची तर १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असल्याचा पुरावा लागतो. आमच्याकडे पुरावा म्हणजे दंडाची पावती. जंगलात नांगर घातला म्हणून आजोबांना दंड झाला होता, त्याची. घड्यांवर फाटलेली, शाई तपकिरी पडलेली, कोपऱ्यावर आजोबांचा अंगठा. आई ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीला दोन गाठी मारून पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवते. मोर्चाला जाताना तिची झेरॉक्स तिने सोबत घेतली होती. ती कोणाला दाखवायची नव्हती. नुसती जवळ असावी म्हणून.

दावा अडीच एकरांचा होता, मंजूर झाले २२ गुंठे. म्हणून ती चालली. एवढं उत्तर मला बरीच वर्षं पुरत होतं.

आता पुरत नाही, कारण आमच्या काकांचंही तेच दुखणं आहे. बांधाला बांध लागून प्लॉट, तसाच दावा, तशीच कमी भरलेली मंजुरी. ते गेले नाहीत. १२ मार्चला सरकारने लेखी आश्वासन दिलं, सहा महिन्यांत दावे निकाली काढू म्हणून. ते काही फक्त चालणाऱ्यांसाठी नव्हतं. जे काही मिळेल ते काकांनाही मिळणार होतं, पायाला एक फोड न येता. मग घरी बसलेला माणूस जास्त शहाणा का नाही? आणि पन्नास हजारांच्या गर्दीत माझी एक आई नसती तर काय बिघडलं असतं?

मी आईला हे एकदा सरळ विचारलं. वाटलं होतं, जमिनीचं नाव घेईल किंवा हक्काचं. ती म्हणाली, "त्या खेपेला आपल्या घराचा नंबर होता." बस, एवढंच. मग चुलीकडे वळली.

आणखी एक गोष्ट. ११ तारखेच्या रात्री सगळे सायनजवळ सोमय्या मैदानात थांबले होते. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. सकाळी एवढी माणसं रस्त्यावर आली तर मुलं केंद्रावर पोचणार कशी, म्हणून दिवसभर चाललेली ती माणसं मध्यरात्रीनंतर उठून पुन्हा चालायला लागली आणि उजाडायच्या आत आझाद मैदानात गेली. त्या वर्षी मीही दहावीला होते. तिकडे आश्रमशाळेत. त्याच सकाळी माझाही पेपर होता आणि आई कुठे आहे हे मला माहीतसुद्धा नव्हतं.

तर प्रश्न असा: माणूस मोर्चाला जातो तो तत्त्वासाठी, फायद्यासाठी, की गावात तोंड दाखवायला लाज वाटू नये म्हणून? ज्यांनी स्वतः पायपीट केली आहे किंवा ज्यांचा अभ्यास आहे, त्यांनी कृपया लिहा. मला त्या डब्याच्या टेबलावर परत जायचं आहे.

---

पेठकर

ताई, मी त्याच मोर्चात होतो. तुमच्या आईने जे सांगितलं ते अगदी बरोबर सांगितलं. तुम्हाला ते पुरत नाही, कारण तुम्ही तेव्हा शाळेत होता आणि गावची बैठक तुम्ही पाहिली नाही.

आमच्या पाड्यावर बैठक झाली ती रात्री, जेवणं उरकल्यावर. वही काढली. दर घरामागे एक माणूस. ज्या घरातून माणूस निघत नाही त्याने वर्गणी द्यायची, दोन पायली धान्य द्यायचं आणि जो जाईल त्याच्या गुरांचं चारापाणी बघायचं. मागच्या मोर्चाला कोण गेलं, या खेपेला कोण, सगळं वहीत. याला आम्ही नंबर म्हणतो. तुमचे काका घरी बसले म्हणता, पण तुमच्या आईची गाय सहा दिवस कोणी सोडली-बांधली, ते विचारा एकदा. मला माहीत नाही, पण विचारा.

आता माझं स्वतःचं सांगतो. मी पहिल्या दिवशी उत्साहात निघालो. दुसऱ्या दिवशी इगतपुरीच्या पुढे घाटनदेवीपाशी पाय इतके भरून आले की मनात ठरवलं, उद्या सकाळी जीप धरायची आणि घर गाठायचं. तळव्याला दोन फोड होते. आमच्या पाड्यावरची एक म्हातारी, साठीच्या पुढची, माझ्याजवळ येऊन बसली. सुईत दोरा ओवला, फोडातून आरपार काढला आणि दोरा तसाच आत ठेवून टोकं कापली. पाणी दोऱ्यावाटे झिरपून जातं आणि कातडी शाबूत राहते. तिने स्वतःच्या पायाचं आधीच करून ठेवलं होतं. एक शब्द बोलली नाही. सकाळी ती झेंडा घेऊन रांगेत उभी. आता मी जीप कशी धरणार? तुम्ही याला लाज म्हणा. मला ती लाज वाटली नाही, म्हातारीला एकटं सोडवेना, एवढंच.

विचार पक्का होता म्हणून मी घरातून निघालो. शेवटपर्यंत चाललो तो पुढे-मागे आपली माणसं होती म्हणून.

आणि खरं तेही सांगतो. शब्द पाळला गेला नाही म्हणून २०१९ च्या फेब्रुवारीत पुन्हा निघायची वेळ आली, तेव्हा गेलो. २०२३ ला दिंडोरीहून निघालेला मोर्चा वाशिंदपर्यंत गेला, त्याला मी नव्हतो. बायकोचं बाळंतपण तोंडावर होतं, घरात दुसरं कोणी नव्हतं. प्लॉट तोच, राग तोच, झेंडा तोच. भाऊ गेला आणि मी त्याची दोन जनावरं सांभाळली. त्या वर्षी मी आंदोलनात होतो की नव्हतो, सांगा बरं.

---

गोरेगावची आजी

मुली, तुझं लिहिलेलं दोनदा वाचलं. मी त्र्याहत्तर वर्षांची आहे, टंकलेखन नातवाकडून करून घेतेय.

१९७२ च्या दुष्काळात महागाईने जीव नको केला होता. साखर, तेल, रॉकेल, कशाकशासाठी रांगा. मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर आणि इतर सगळ्यांनी मिळून महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती काढली. थाळी आणि लाटणं घेऊन बायका रस्त्यावर आल्या. मी तेव्हा नवी सून. राजकारणातलं ओ की ठो कळत नव्हतं. शेजारच्या खोलीतल्या वहिनी दारात येऊन म्हणाल्या, "लाटणं घे आणि चल, मी आहे ना." सासूबाई काही बोलायच्या आत त्याच सासूबाईंना म्हणाल्या, "तासाभरात आणून सोडते हिला."

कशासाठी गेले? रॉकेलसाठी गेले, हे खरंच. पण घरातलं लाटणं हातात घेऊन रस्त्याच्या मधोमध उभं राहिल्यावर जे वाटलं ते रॉकेलचं नव्हतं. त्या दिवसापर्यंत मी रस्त्याच्या कडेने, पदर सावरत चालायची. पुढच्या मोर्चाला मला कोणी बोलवायला आलं नाही. मीच दोन खोल्या पलीकडच्या नव्या सुनेच्या दारात जाऊन उभी राहिले.

तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

---

वाचनवेडा मास्तर

मी महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवतो. डोंगरची लेक यांनी विचारलेला प्रश्न आमच्या विषयात अगदी याच शब्दांत मांडला गेला आहे. १९६५ मध्ये मॅन्सर ऑल्सन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने तुमच्या काकांचा हिशोब कागदावर मांडला. जे सगळ्यांना मिळणार आहे त्यासाठी एकट्याने झीज का सोसावी? त्याचं म्हणणं, मोठ्या गटात माणूस आपणहून झीज सोसत नाही. येणाऱ्यालाच मिळेल असा काही वेगळा लाभ असावा लागतो, नाहीतर न येणाऱ्याला काही तोशीस पडावी लागते. पेठकरांची वही त्याला दाखवता आली असती तर फार बरं झालं असतं. वर्गणी, धान्य, गुरांचं चारापाणी: तोशीस आहे, पण दंड म्हणून नाही. घरी राहणाऱ्यालाही त्या कामात जागा करून दिली आहे.

पण तेवढ्याने भागत नाही, हे नंतरच्या अभ्यासांनी दाखवलं. १९६४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी करायला बाहेरचे विद्यार्थी गेले. जिवाला धोका होता. मोहीम सुरू होते न होते तोच तीन कार्यकर्त्यांचे खून झाले. जायच्या आधी प्रत्येकाने लांबलचक अर्ज भरला होता. अर्ज मंजूर होऊनही काही जण गेले नाहीत. डग मॅकअॅडम या समाजशास्त्रज्ञाने पुढे ते अर्ज शोधून काढले आणि गेलेल्यांची न गेलेल्यांशी तुलना केली. तत्त्वनिष्ठेत दोन्हीकडचे सारखेच होते. फरक दिसला तो ओळखींत. जे गेले त्यांची जवळची माणसंही त्याच वाटेला लागलेली होती. घाटनदेवीची ती म्हातारी म्हणजे हेच.

याच्या उलट भासणारी एक गोष्टही सांगायला हवी, नाहीतर मी सोयीचं तेवढंच सांगितलं असं होईल. हाँगकाँगमध्ये दरवर्षी १ जुलैला लोकशाहीसाठी मोर्चा निघायचा. २०१६ मध्ये तिथल्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. काही जणांना सांगितलं, की तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त विद्यार्थी जाणार आहेत. अशा मुलांचं जाण्याचं प्रमाण घटलं. 'इतके जण आहेत, मग माझी काय गरज?' हा तुमचा पन्नास हजारांतली एक आईचा प्रश्नच झाला. म्हणजे नुसता गर्दीचा आकडा माणसाला ओढत नाही, कधी कधी घरीही बसवतो. आकड्याला तोंड नसतं. दारात येऊन 'चल' म्हणणाऱ्या वहिनींना असतं.

माझं स्वतःचं मत असं की तत्त्व आणि फायदा हे दोन वेगळे गठ्ठे करून प्रश्न विचारला की उत्तर हाती लागत नाही. ती दंडाची पावती कोणत्या गठ्ठ्यात टाकाल? तिच्यावर २२ गुंठ्यांच्या वरची जमीन अवलंबून आहे, म्हणजे फायदा. आणि तुमच्या आईच्या सासऱ्यांना चोर ठरवून दंड घेतला, ते चोर नव्हते, हेही त्याच कागदावर आहे.

---

छोटा हत्ती

मी टेम्पो चालवतो. वरचं सगळं वाचलं. ऑफिसातला तो माणूस जे बोलला ते सगळंच खोटं नाही, म्हणून लिहितोय. राग मानू नका.

सभांना आणि मोर्चांना माणसं भरून नेण्याची भाडी मी केली आहेत. गाडीमागे किती माणसं ते आधी ठरतं. माणशी पैसे, वडापाव किंवा पुलाव, पाण्याची बाटली. कोणाची सभा, कसला मोर्चा, ते कित्येकांना पोचेपर्यंत माहीत नसतं. मी त्यांना नावं ठेवणार नाही. नाक्यावर काम मिळालं नाही तर तो दिवस तसाही फुकट जातो, त्यापेक्षा हे बरं. सकाळी नेलं, संध्याकाळी परत सोडलं. भाषण चालू असताना ती सावली शोधून बसतात, आणि पैसे वाटणारा माणूस कुठे आहे यावर त्यांचं लक्ष असतं.

पण ताई, अशी माणसं सहा दिवस चालत नाहीत. माझ्या गाडीतून पैशांवर आणलेली माणसं उन्हात अर्धा किलोमीटर चालायला सांगितलं तर दुसऱ्या दिवसाचे वेगळे मागतात. एका दिवसाच्या मजुरीवर एक दिवसच विकत मिळतो. पोटाला पदरचे तांदूळ बांधून कोणी निघालं असेल तर ते भाड्याचं माणूस नाही, हे मी माझ्या धंद्यावरून छातीठोक सांगतो.

आणखी एक. आमच्या वस्तीत पाण्याची लाइन तोडली तेव्हा बायका हंडे घेऊन कार्यालयावर गेल्या. मी गाडी फुकट लावली, डिझेल माझं. त्याच बायकांतल्या चार-पाच जणी आधी पैशांवर माझ्याच गाडीतून सभांना गेल्या होत्या. त्या दिवशी सगळ्यात पुढे त्याच होत्या. घोषणा कशा द्यायच्या, पोलीस आला तर कुठे बसायचं, त्यांना ठाऊक होतं.

---

वाचनवेडा मास्तर

छोटा हत्ती, तुमचं शेवटचं निरीक्षण मोलाचं आहे. त्याच हाँगकाँगमध्ये २०१७ साली संशोधकांनी काही विद्यार्थ्यांना मोर्चाला जाऊन गर्दी मोजायच्या कामासाठी पैसे दिले. २०१८ ला पैसे नव्हते, तरी त्यातले काही पुन्हा गेले. पण कोण? ज्यांच्या वर्गातल्या बऱ्याच जणांना आदल्या वर्षी एकत्र नेलं होतं ते. एकट्यादुकट्याने जाऊन आलेल्यांत हा फरक दिसला नाही. तुमच्या वस्तीतल्या त्या चार-पाच जणी एकाच गाडीतून जायच्या, हे त्यात महत्त्वाचं असावं.

---

डोंगरची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. पेठकरदादा, काल रात्री आईला फोन केला आणि तुम्ही सांगितलं तेच विचारलं. गाय कोणी बघितली?

काकांनी. गायही आणि आमच्या शेळ्याही. एवढंच नाही. दाव्याच्या वेळी ग्रामसभेत "हा प्लॉट यांचे सासरे कसायचे, मी लहानपणापासून बघत आलोय" अशी साक्ष देणारेही काकाच. वयस्कर माणसाचा जबाब पुरावा म्हणून चालतो, हे मला कालपर्यंत माहीत नव्हतं. आई म्हणाली, त्यांच्या गुडघ्यांत चालण्याची ताकद नव्हती, म्हणून त्यांनी आपला नंबर पुढच्या खेपेला मुलाच्या नावावर लिहून घेतला. २०१९ ला चुलतभाऊ गेला तो त्यामुळे. मी आठ वर्षं काकांना मनातल्या मनात फुकटे ठरवून बसले होते. दिवाळीला गेले की त्यांच्या पाया पडणार आहे.

मग त्या रात्रीचं विचारलं. म्हटलं, सोमय्या मैदानात तुम्हाला उठवलं तेव्हा काय वाटलं? ती म्हणाली, आधी कोणालाच उठवेना. अंग आखडलं होतं. मग पुढून निरोप आला की सकाळी पोरांची परीक्षा आहे. "तेव्हा मला तूच दिसलीस. तुझ्या शाळेला जायचा रस्ता दिसला." मुंबईतली ती मुलं कोण, कुठली, तिला काही माहीत नव्हतं. शेजारची बाई म्हणाली, माझाही दहावीला आहे. तिच्या पलीकडचीही तेच म्हणाली. रात्रभर त्या तिघी एकमेकींना धरून चालल्या. घोषणा बंद होत्या. नुसता पायांचा आवाज, ती म्हणाली, पावसाळ्यात पातेऱ्यावर पाऊस पडतो तसा.

आजी, तुमचा नमस्कार पोचवला. तुमचं पूर्ण उत्तर तिला फोनवर वाचून दाखवलं. लाटण्याचं ऐकून ती खूप वेळ गप्प होती. मग विचारलं, "त्या आजीच्या घरी नंतर कोणी रागावलं का?" तर आजी, तेवढं सांगाल का?

छोटा हत्ती दादा, राग अजिबात नाही. उद्या टेबलावर मी तुमचं म्हणणं आधी सांगणार आहे, म्हणजे मी एकाच बाजूने बोलतेय असं त्यांना वाटणार नाही. त्यानंतर पावतीचा फोटो दाखवीन. आईने आज सकाळी शेजारच्या मुलाच्या फोनवरून काढून पाठवला. पिशवीच्या गाठी सुटेनात म्हणून प्लास्टिकवरूनच काढलाय. अंगठा तेवढा स्पष्ट दिसतोय.